स्फटिकवर्धनाच्या नोंदीत काय ठेवावं, काय वगळावं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला पदार्थविज्ञान शिकवता आणि मराठीतल्या एका मुक्त ज्ञानकोशासाठी ‘स्फटिकवर्धनाची तंत्रे’ ही नोंद लिहायला घेतली आहे. पद्धतींची यादी २२ वर पोचली, मजकूर ७,००० शब्दांपलीकडे गेला. त्यात शिरोड्याची मिठागरं आहेत, तुरटीचा बशीतला प्रयोग आहे, कासार्ड्याची सिलिका वाळू आहे आणि एका प्रबंधातून घेतलेली नव्या स्फटिकाची सविस्तर माहिती आहे. आता कात्री कुठे लावायची आणि मिठागराचा परिच्छेद राहिला तर चालेल का, एवढं तुम्ही विचारलं आहे.

मिठागराचं उत्तर आधीच देतो: ठेवा, पण सध्या आहे तिथे नको. ते का, ते पुढे येईलच.

माझ्या मते खरी अडचण लांबीची नाही. यादीला कणा नाही, ही अडचण आहे. चोक्राल्स्की, ब्रिजमन, व्हर्न्युई, किरोपूलॉस, जलतापीय, जेल अशी नावं एकाखाली एक आली की वाचक तिसऱ्या नावापाशी थकतो, कारण त्याच्या मनातल्या प्रश्नाला कुणी हातच लावलेला नसतो. तो प्रश्न साधा आहे: स्फटिक वाढवायला एवढ्या पद्धती लागतातच कशाला? एकीने भागत का नाही? हा प्रश्न नोंदीचा कणा केलात तर काय ठेवायचं आणि काय काढायचं याचे निम्मे निर्णय आपोआप होतात. जो मजकूर या प्रश्नाचं उत्तर पुढे नेतो तो राहतो. बाकीचा खरा असला, रंजक असला, तरी त्याची जागा दुसऱ्या नोंदीत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. ‘स्फटिक’, ‘अतिसंपृक्तता’, ‘अर्धसंवाहक’ या नोंदी त्या ज्ञानकोशात आधीपासून असतील तर तुम्हाला फक्त दुवे द्यायचे आहेत. नसतील तर अतिसंपृक्तता (द्रावणात मावतं त्याहून जास्त विरघळलेलं असणं) आणि बीज (ज्यावर वाढ सुरू होते तो लहान स्फटिक) या दोन कल्पना इथेच समजावून सांगाव्या लागतील, त्याशिवाय पुढचं काही उलगडणार नाही. छापील कोशात जागेची मर्यादा कडक असते. पडद्यावरच्या कोशात ती सैल असली तरी वाचकाचा धीर तेवढाच असतो. मी असं धरून चाललो आहे की तुमचा वाचक बारावी विज्ञानापर्यंत शिकलेला आहे आणि नोंद २,५०० ते ३,००० शब्दांत बसवायची आहे.

सुरुवात शब्दापासून करा. मराठीत ‘स्फटिक’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे स्फटिकाची माळ किंवा स्फटिकाचं शिवलिंग येतं, म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झ हा एक विशिष्ट दगड. नोंदीतला स्फटिक म्हणजे मात्र अणू-रेणूंची नियमित, पुन्हा पुन्हा येणारी रचना असलेला कोणताही घन पदार्थ. मिठाचा खडा स्फटिक आहे, लोखंडाचा खिळा लहान लहान स्फटिकांचा गठ्ठा आहे, काच मात्र स्फटिक नाही. हा गोंधळ पहिल्या दोन वाक्यांत मिटवला नाहीत तर पुढे ‘सिलिकॉनचा स्फटिक’ वाचताना वाचक अडखळेल. लगेच दुसरी गोष्ट सांगा: नोंद प्रामुख्याने एकस्फटिकांबद्दल आहे, म्हणजे ज्यात एकच रचना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते अशा स्फटिकांबद्दल. साखर कारखान्यातली साखर किंवा औषधाची पूड हे घाऊक स्फटिकीकरण झालं. तिथे कोट्यवधी लहान स्फटिक एकाच वेळी हवे असतात आणि इथे एकच मोठा, निर्दोष हवा असतो. सीमा अशी आखली की बावीसातली तीन-चार नावं तिथेच गळतील.

आता कणा. त्यासाठी माझ्या मते एकच जोडी पुरते: सिलिकॉन आणि क्वार्ट्झ. दोन्हींत सिलिकॉन आहे, दोन्ही इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागतात, तरी दोघांच्या पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला स्वच्छ वितळतो, थंड होताना त्याच रचनेत गोठतो, वाटेत रचना बदलत नाही. म्हणून तो वितळलेल्या रसातून सरळ ओढून काढता येतो. क्वार्ट्झचं तसं नाही. सिलिका १,७०० अंशांच्या आसपास वितळते, पण रस इतका चिकट असतो की थंड होताना अणूंना जागेवर बसायला सवड मिळत नाही आणि हाती काच येते. शिवाय ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना बदलते. घड्याळात आणि रेडिओत लागणारा क्वार्ट्झ हा ५७३ च्या खालचा प्रकार, म्हणून तो त्या तापमानाच्या खालीच वाढवावा लागतो. तिथे तो वितळलेला नसतो आणि साध्या पाण्यात विरघळतही नाही. मग उरतो एकच मार्ग: जाड पोलादी ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद पात्र), सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम कार्बोनेटचं पातळ द्रावण, साधारण ३५० अंश तापमान आणि १,००० वातावरणांच्या आसपास दाब. तळाशी कच्च्या क्वार्ट्झचे तुकडे, वर टांगलेल्या बीजपट्ट्या, मध्ये छिद्रं असलेला पडदा. तळ थोडा अधिक गरम ठेवला की तिथे क्वार्ट्झ विरघळतो, द्रावण वर चढतं, थोडं निवतं आणि बीजावर क्वार्ट्झ बसवून परत खाली येतं.

हे दोन परिच्छेद नोंदीत आले की वाचकाला तर्क कळतो: पद्धत माणूस आवडीने निवडत नाही, पदार्थाचा स्वभाव ती निवडायला लावतो. मग प्रत्येक पदार्थाला विचारायचे प्रश्न ओघाने येतात. तो विघटन न होता वितळतो का? वितळताना जे रासायनिक प्रमाण रसात, तेच घनात येतं का? वितळणबिंदू आणि खोलीचं तापमान यांच्यामध्ये रचना बदलते का? वितळताना त्यातला एखादा घटक वाफ होऊन निसटतो का? तेवढं तापमान सोसणारी आणि रसात न विरघळणारी मूस मिळते का? नोंदीतली प्रत्येक पद्धत यांपैकी कुठल्या तरी प्रश्नाला आलेल्या ‘नाही’ या उत्तरातून जन्मलेली आहे, आणि तुमचे उपविभाग त्याच क्रमाने लावावेत असं मी सुचवेन.

गॅलियम आर्सेनाइड १,२३८ अंशांना वितळतो, पण त्यातला आर्सेनिक वाफ होऊन पळतो. म्हणून रसावर बोरिक ऑक्साइडचा वितळलेला थर झाकणासारखा ठेवतात, वरून निष्क्रिय वायूचा दाब देतात आणि त्या थरातूनच स्फटिक वर ओढतात. सिलिकॉन कार्बाइड नेहमीच्या दाबाला वितळतच नाही. त्याची सरळ वाफ होते, म्हणून २,००० अंशांच्या वर पूड तापवून ती वाफ किंचित थंड बीजावर बसवतात. यिट्रियम आयर्न गार्नेट वितळताना विघटित होतो आणि घन भाग वेगळ्याच संयुगाचा निघतो, म्हणून तो लेड ऑक्साइडसारख्या अभिवाहात, म्हणजे कमी तापमानाला वितळून दुसऱ्याला विरघळवणाऱ्या पदार्थात, विरघळवून, त्याच्या वितळणबिंदूच्या बराच खाली, सावकाश थंड करत वाढवतात. प्रथिनं तर तापवताच येत नाहीत. त्यांच्यासाठी काचपट्टीला उलटा टांगलेला काही मायक्रोलिटरचा थेंब असतो, ज्यातलं पाणी बाजूच्या अधिक तीव्र द्रावणाकडे हळूहळू निघून जातं. अशी चार-पाच उदाहरणं नीट मांडलीत की २२ नावं पाठ करण्याची गरज वाचकाला उरत नाही.

प्रत्येक पद्धतीच्या परिच्छेदात किती खोल जायचं? माझी कसोटी अशी: तत्त्व, यंत्राचा गाभा, ती कुठल्या पदार्थाला लागते, वाढीचा वेग आणि त्या पद्धतीचा हमखास येणारा दोष. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवख्या नोंदींत तीच नसते. पद्धत कशी चालते हे सगळे लिहितात, ती कुठे फसते हे कुणी लिहीत नाही. खरं तर दोषामुळेच पुढची पद्धत शोधली जाते, म्हणून दोष सांगितला की दोन परिच्छेदांमधला सांधा आपसूक तयार होतो.

चोक्राल्स्की पद्धतीवर हे लावून बघू. अतिशुद्ध सिलिकॉन क्वार्ट्झच्या मुशीत, आर्गॉन वायूत वितळवतात. ठरावीक दिशेने कापलेलं बीज रसाला टेकवतात आणि फिरवत फिरवत वर ओढतात. मूस उलट्या दिशेने फिरते. सुरुवातीला मान मुद्दाम बारीक, काही मिलिमीटरचीच ओढतात. बीज गरम रसाला टेकताना बसलेल्या तापमानाच्या धक्क्याने त्यात विस्थापनं, म्हणजे अणूंच्या ओळींतले दोष, तयार होतात. मान बारीक असली की ती वाढता वाढता कडेला येऊन संपतात आणि पुढचा स्फटिक निर्दोष निघतो. ही युक्ती डॅश यांनी १९५० च्या दशकाअखेरीस मांडली. मग वेग आणि तापमान सांभाळत खांदा रुंद करतात आणि पुढे एकसारख्या व्यासाचा दंड ओढतात, आज ३०० मिमी चकत्यांसाठी. वेग मिनिटाला मिलिमीटरच्या आसपास. आता दोष: क्वार्ट्झची मूस रसात किंचित विरघळत राहते आणि ऑक्सिजन स्फटिकात जातो. दुसरा दोष अशुद्धींच्या वाटणीचा. रसात जेवढा फॉस्फरस असतो त्याच्या साधारण ३५ टक्केच स्फटिकात शिरतो, उरलेला रसात साठत जातो, म्हणून दंडाच्या शेपटाकडे त्याचं प्रमाण वाढतं. बोरॉनचं हे गुणोत्तर ०.८ आहे, म्हणून तो त्या मानाने एकसारखा पसरतो.

एवढं सांगितलं की तरंगत्या पट्ट्याची पद्धत का आली हे वेगळं समजवावं लागत नाही. मूसच नको, म्हणून उभ्या सिलिकॉन दंडाचा अरुंद पट्टा वितळवतात, पृष्ठताण तो रस धरून ठेवतो आणि पट्टा वर सरकवत नेतात. ऑक्सिजन नगण्य, पण व्यासाला मर्यादा, कारण फार रुंद पट्टा पृष्ठताणाला पेलत नाही. पट्ट्याच्या प्रवासात अशुद्धी पुढे ढकलल्या जातात, म्हणजे वरच्या परिच्छेदात जो दोष होता तोच इथे शुद्धीकरणाचं साधन होतो. याच जागी तुमच्या मसुद्यात ओढयंत्राच्या मोटरची शक्ती, थंड पाण्याच्या नळ्यांची मांडणी आणि भट्टीच्या विशिष्ट मॉडेलचा तपशील आहे. तो काढा. तो खोटा आहे म्हणून नव्हे. यंत्र बदललं की तो शिळा होतो, आणि मानेची गोष्ट शिळी होत नाही.

ब्रिजमन-स्टॉकबार्गर, किरोपूलॉस आणि व्हर्न्युई यांना एकेक आखूड परिच्छेद पुरे. ब्रिजमनमध्ये रस भरलेली कुपी गरम भागातून थंड भागात उतरवतात. टोकदार तळाशी एकच स्फटिक पुढे जातो आणि बाकीचे मागे राहतात. किरणोत्सार मोजण्याचे सोडियम आयोडाइडचे स्फटिक असे वाढवतात. दोष असा की स्फटिक कुपीच्या भिंतीला चिकटून वाढतो आणि थंड होताना ताण येतो. किरोपूलॉसमध्ये स्फटिक मुशीतल्या रसातच वाढतो, ओढ अगदी कमी, म्हणून ताणही कमी. मोठे नीलम आज असे काढतात. व्हर्न्युईत मूस नाहीच: ॲल्युमिनाची बारीक पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते आणि वितळून बीजावर थेंबाथेंबाने जमते. थोडा क्रोमियम ऑक्साइड घातला की माणिक. आतला ताण इतका असतो की तयार गोळा बहुधा उभा चिरून मोकळा करतात, आणि आत वाकड्या वाढरेषा राहतात. जवाहिऱ्याकडे भिंगाखाली कृत्रिम माणिक ओळखायची ती एक खूण आहे.

वेगांची तुलना एका ठिकाणी जरूर द्या, कारण मसुद्यात सर्वांत जास्त चुका तिथेच आहेत. सिलिकॉनचा वेग तुम्ही तासाला एक मिलिमीटर लिहिला आहे. तो मिनिटाला हवा. ऑक्साइड स्फटिक रसातून ओढताना तासाला एक ते काही मिलिमीटर. ऑटोक्लेव्हमधला क्वार्ट्झ दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. द्रावणातून वाढणारा पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट जुन्या रीतीने दिवसाला मिलिमीटरभर, आणि द्रावण अतिशय शुद्ध व गाळलेलं ठेवून केलेल्या जलद रीतीने १० मिमीच्या वर. मिनिट, तास आणि दिवस शेजारी आले की रसात अणू किती दाटीने उभे असतात आणि द्रावणात त्यांना किती लांबून यावं लागतं हे वाचकाला न सांगता कळतं.

आता मिठागर. सध्या ते तुम्ही ‘कोकणातील पारंपरिक स्फटिकवर्धन तंत्र’ या मथळ्याखाली घातलं आहे. तिथे ते चूक आहे, कारण मिठागरात एकस्फटिक वाढवण्याचा हेतू नसतो आणि बीजावर ताबाही नसतो. पण तत्त्वाच्या विभागात त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, बॉमे मापावर, म्हणजे द्रावणाची घनता दाखवणाऱ्या मापावर, तीन-साडेतीन अंश. वाफ्यांतून पाणी पुढे सरकत, आटत जातं तसे आधी चुन्याचे क्षार बसतात, पुढे जिप्सम. पाणी मूळच्या साधारण दहाव्या भागावर आलं, बॉमे २५ च्या आसपास पोचलं, की मीठ पडायला लागतं. २९-३० च्या पुढे मॅग्नेशियमचे क्षार मिठात मिसळायला लागतात, म्हणून त्याआधी कडू पाणी सोडून देतात. एकाच पाण्यातून वेगवेगळे पदार्थ आपापल्या विद्राव्यतेच्या क्रमाने बाहेर पडतात आणि थांबायचं कधी ते ठरवणं हेच शुद्धतेचं मर्म, हे यातून लख्ख दिसतं. एवढं १०० शब्दांत सांगा. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मोठी घटना आहे, पण तिची जागा इतिहासाच्या नोंदीत. इथे दुवाही नको.

तुरटीचा प्रयोग कृती म्हणून काढा, आकडे म्हणून ठेवा. ज्ञानकोश कृतिपुस्तिका नसतो हा नियम तर आहेच, पण इथे त्याहून भक्कम कारण आहे: कृती ठिकाणावर अवलंबून असते. तुम्ही लिहिलं आहे की ‘बशीतलं द्रावण १५ दिवसांत आटून स्फटिक तयार होतो’. जानेवारीत पुण्यात होईल. जुलैत वेंगुर्ल्यात हवा आर्द्रतेने भरलेली असते, तुरटीचं द्रावण जवळजवळ आटत नाही, आणि मिठाचं संपृक्त द्रावण तर उलट हवेतलं पाणी ओढून घेतं, कारण मिठाच्या बाबतीत तो उंबरठा साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेचा आहे. शिवाय दोरा सुती घेतला तर त्याच्या तंतूंवर शेकडो बीजं धरतात. खडीसाखर करताना तेच हवं असतं, इथे ते नको असतं, म्हणून नायलॉनचा बारीक दोरा. बशीच्या काठावर चढलेला क्षार सुटून खाली पडला की तिथे नको असलेले स्फटिक सुरू होतात. हे सगळं प्रयोगवहीत शोभेल.

नोंदीत राहायला हवं ते याच्यामागचं कारण. १०० मिली पाण्यात २० अंशांना साधारण १४ ग्रॅम तुरटी विरघळते आणि ५० अंशांना ३७ ग्रॅम. म्हणजे संपृक्त द्रावण ५० वरून २० वर आणलं तर २३ ग्रॅम बाहेर पडायला तयार असते. मिठाचा आकडा २० अंशांना ३६ आणि १०० अंशांना ३९. थंड करून मीठ फारसं मिळत नाही, ते आटवूनच काढावं लागतं. द्रावणातून वाढवण्याच्या दोन रीती, थंड करणं आणि आटवणं, का आहेत हे या चार आकड्यांत आलं. त्यालाच जोडून एक वाक्य असं हवं: द्रावण संपृक्ततेच्या थोडंसंच पुढे ठेवायचं असतं, जेणेकरून असलेलं बीज वाढेल पण नवीन बीज जन्मणार नाही. मेक्सिकोतल्या नाइका खाणीतल्या गुहेत ११ मीटरपर्यंतचे जिप्समचे स्फटिक वाढले ते याच अरुंद पट्ट्यात. तिथलं पाणी दीर्घकाळ ५८ अंशांच्या जरासं खाली, म्हणजे जिप्सम आणि अनहायड्राइट (जिप्समचं पाणी नसलेलं रूप) यांच्या विद्राव्यतेच्या सीमेजवळ राहिलं. निसर्गातलं एक उदाहरण द्यायचं तर हे द्या. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधले झिओलाइट आणि अपोफिलाइट फार देखणे आहेत, पण ते खनिजांच्या नोंदीत. कासार्ड्याच्या वाळूचंही तसंच. तिथली सिलिका काचेला आणि ओतकामाला जाते. वाळूपासून वेफरपर्यंतची, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीपर्यंतची साखळी दाखवायचा मोह मला समजतो, पण तुमची नोंद अतिशुद्ध सिलिकॉन मुशीत पडल्यावर सुरू होते.

प्रबंधाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आपल्याकडे स्फटिकवर्धनावरचे असंख्य शोधनिबंध एकाच साच्यातले असतात: एखादं अमिनो आम्ल आणि एखादा धातूचा क्षार पाण्यात एकत्र करायचा, सावकाश आटवायचा, आलेल्या स्फटिकाला नवं नाव द्यायचं, मग एक्स-रे विवर्तन, अवरक्त वर्णपट, दृश्य-जंबुपार वर्णपट, कठिणता. तुमच्या मसुद्यातला तो विभाग पूर्ण काढा. एक तर मोजमापाची तंत्रं वाढीची तंत्रं नव्हेत. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दोन पदार्थ एकत्र विरघळवले म्हणून ते एकत्र स्फटिक होतातच असं नाही. ज्याची विद्राव्यता कमी, तो एकटाच आधी बाहेर पडू शकतो. अशा अनेक ‘नव्या’ स्फटिकांवर नंतर आक्षेप प्रसिद्ध झाले आहेत आणि तपासणीत ते मूळ घटकाचेच ठरले आहेत. एकाच गटाने एकदाच मांडलेला स्फटिक ज्ञानकोशात येऊ नये. इतर प्रयोगशाळांनी तो पुन्हा वाढवला, कुणी परीक्षणलेखात किंवा पाठ्यपुस्तकात घेतला, की मग विचार करा.

याच कसोटीवर एक भारतीय पद्धत मात्र नक्की राहते. शंकरनारायणन आणि रामसामी यांनी २००५ मध्ये मांडलेली, द्रावणातून एकाच दिशेने स्फटिक वाढवण्याची पद्धत. काचेच्या नळीच्या तळाशी हव्या त्या दिशेने कापलेलं बीज बसवायचं, वर संपृक्त द्रावण भरायचं, वरचं टोक थोडं अधिक गरम ठेवायचं आणि द्रावण आटेल तसा स्फटिक नळीच्या आकारात वर चढतो. प्रकाशविज्ञानात विशिष्ट दिशेचाच तुकडा लागतो. एरवी मोठा स्फटिक वाढवून तो कापताना बराच भाग वाया जातो, इथे हवी ती दिशा सुरुवातीलाच मिळते. नंतर अनेक गटांनी ती वापरली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातलं स्फटिकवर्धन केंद्र आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं काम यांचाही दोन-तीन ओळींत उल्लेख करा. जेल पद्धतही ठेवा. सोडियम मेटासिलिकेटच्या जेलमध्ये टार्टारिक आम्ल आणि वरून कॅल्शियम क्लोराइड अशा मांडणीत कॅल्शियम टार्ट्रेटचे स्फटिक कुठलीही भट्टी न लागता येतात. जेल प्रवाह थांबवतं, आयन केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप हळूहळू पसरत, भेटतात, म्हणून बीजं कमी धरतात. पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या आणि तापवल्यास विघटित होणाऱ्या पदार्थांना हाच रस्ता. तुमच्या महाविद्यालयातही तो चालेल, पण ती शिफारस नोंदीत लिहू नका.

सनावळी लिहिताना एक काळजी घ्या: प्रत्येक सालाशेजारी ते कशाचं साल आहे ते लिहा. चोक्राल्स्कीसाठी कुणी १९१६ देतं, कुणी १९१८. पहिलं निरीक्षणाचं, दुसरं प्रसिद्धीचं. त्यांना धातू किती वेगाने गोठतात ते मोजायचं होतं. शाईच्या दौतीऐवजी लेखणी वितळलेल्या कथिलात बुडाली ही गोष्ट एका वाक्यात राहू द्या, पण लगेच सांगा की स्फटिक तयार करण्याचं साधन म्हणून ती पद्धत उभी राहिली ती टील आणि लिटल यांनी बेल प्रयोगशाळेत जर्मेनियमवर केलेल्या कामामुळे, १९५० मध्ये. व्हर्न्युईंनी मोहोरबंद टिपणं १८९० च्या दशकाच्या आरंभी ठेवली आणि पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. सिलिकॉन कार्बाइडमध्ये लेली यांची मूळ पद्धत १९५५ ची, पण बीजावर वाढवण्याची सुधारणा टायरोव्ह आणि त्स्वेत्कोव्ह यांची, १९७८. फ्रँक यांचा पीळदार विस्थापनाचा सिद्धांत (१९४९) तत्त्वाच्या विभागात हवाच. सपाट पृष्ठावर नवा थर सुरू होणं एवढं कठीण असूनही स्फटिक अगदी कमी अतिसंपृक्ततेत का वाढतात याचं उत्तर तोच देतो: पिळाची पायरी कधी संपतच नाही. चरित्रं मात्र चरित्रांच्या नोंदींत.

परिभाषेत मी मूस, बीज, रस, अभिवाह हे शब्द बेधडक वापरीन. ते सोनार आणि ओतारी यांच्या हातचे आहेत आणि वाचकाला लगेच कळतात. ऑटोक्लेव्ह, वेफर, जेल तसेच राहू द्या. ‘जलतापीय’ भूशास्त्रात रुळलेला आहे, तोच घ्या, नवा शब्द घडवू नका. पद्धतीला आधी वर्णनात्मक नाव आणि मग शास्त्रज्ञाचं नाव द्या: ‘रसातून ओढण्याची, म्हणजेच चोक्राल्स्की पद्धत’. नुसत्या आडनावांच्या मथळ्यांनी अनुक्रमणिका वाचूनही काही कळत नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न चित्रांचा. सिलिकॉनच्या दंडाची छायाचित्रं जगभर आहेत. तुम्ही देऊ शकाल असं एक चित्र मात्र सहज मिळत नाही: मिठागरातला पोकळ पिरॅमिडचा स्फटिक. वारा पडलेल्या दुपारी, शेवटच्या वाफ्यात, पाण्याच्या पृष्ठभागावर तो तरंगताना दिसतो. आटणं पृष्ठभागावर जोरात चालू असतं, मिठाच्या घनाकृती स्फटिकाच्या कडा आणि कोपरे ताज्या द्रावणात पुढे घुसतात आणि भराभर वाढतात, मधल्या भागाला मीठ पुरत नाही. वजनाने तो थोडा बुडतो, वरच्या काठावर नवी कड धरते, पुन्हा थोडा बुडतो, अशा पायऱ्यापायऱ्यांची उलटी पोकळ चवड तयार होते. वेग अति झाला की आकार कसा बिघडतो हे यासारखं दुसरं काही दाखवत नाही, म्हणून चित्र तत्त्वाच्या विभागात लावा आणि खाली तसंच लिहा. चहाच्या गाळणीने अलगद उचला. साध्या पाण्याने धुऊ नका, त्याच वाफ्यातल्या खाऱ्या पाण्याने धुवा आणि टिपकागदावर ठेवा. काळ्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी, प्रकाश एका बाजूने तिरपा. नमुना ठेवायचा असेल तर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. उघडा राहिला तर पावसाळ्याच्या पहिल्या काही दिवसांतच त्याच्या कडा ओलावून गोल होतील.